दोन शुंडकांचा हायड्रा

मित्रांनो, नांदेडच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यातल्या टेबलावर जो जुना सूक्ष्मदर्शक दिसतो, तो मी. अंबाल्याच्या कारखान्यात माझी भिंगं घासली गेली. पितळेची नळी, खाली गोल आरसा, बाजूला दोन फिरक्या. मला एकच काम येतं: जे आहे ते मोठं करून दाखवणं. जे नाही ते मी दाखवू शकत नाही.

बारावीनंतर पहिल्या वर्षाला येणारी मुलं पूर्वी माझ्याकडे धावत यायची. मग ती माझ्यापासून जरा लांब उभी राहू लागली. का, ते मला महामायेमुळे कळलं.

महामाया मुदखेडहून रेल्वेने यायची. तिचे वडील ग्यानोबा रेल्वेत ट्रॅकमन. अकरावी-बारावीत तिचं नाव जळकोटकडच्या एका कॉलेजात होतं आणि शिकवणी नांदेडला. त्या कॉलेजात ती फक्त परीक्षेपुरती गेली. प्रात्यक्षिकात तिला तीसपैकी तीस मिळाले. वर्गातल्या बहुतेकांची गोष्ट हीच होती. डॉक्टरकीचा नंबर हुकला, म्हणून सगळे इथे आले होते. ग्यानोबांनी पोरीला बजावलं होतं, पहिलं वर्ष एका दमात निघालं तर पुढचं बघू, नाहीतर घरी बसायचं.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या शिल्पा मॅडमनी अशा मुलांसाठी कॉलेज भरण्याआधी तासभर वेगळा वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याखाली स्लाइड ठेवली आणि दिसेल ते काढा म्हणाल्या. एकेक जण वाकला, उठला आणि कागदावर कांद्याच्या सालीच्या पेशी काढू लागला. महामायेची आकृती सर्वांत सुबक, अगदी छापल्यासारखी.

स्लाइडवर नुसतं पाणी होतं.

"कांदा कुठं दिसला गं तुला?" मॅडमनी विचारलं.

"दिसला न्हाई, मॅडम. दिसायला पाहिजे म्हणून काढला."

देगलूरकडचा बजरंग मागून म्हणाला, "मॅडम, आमाला तीसपैकी तीस हायत. तुमी उगं इज्जत काढून राहिल्या."

सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण त्यांनी स्लाइड काढली नाही.

त्या वर्गात महामायेनं पहिल्यांदा माझ्या फिरकीला हात लावला. सुरुवातीला तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. तिनं त्याही काढल्या. मग आरसा कसा वळवायचा, इंग्रजी धडा स्वतः कसा वाचायचा, कळलं नाही तर हात वर कसा करायचा, हे ती हळूहळू शिकली. इतकं मन लावून माझ्यात कुणी बघितल्याला वर्षं झाली होती.

दिवाळीआधी प्राचार्यांनी तो वर्ग बंद केला. ज्यांना पैकीच्या पैकी गुण आहेत त्यांना पुन्हा अक्षरं गिरवायला कशाला लावता, असं त्यांचं म्हणणं. पुढे तपासणी समिती येणार म्हणून त्याच बंद वर्गाचा 'सेतुवर्ग' असा फलक रंगवला, मला पुसलं, मुलांना माझ्याभोवती बसवून फोटो काढला. तो फोटो अजून भिंतीवर आहे.

मग परीक्षा आली. महामायेच्या वाट्याला हायड्राची स्लाइड आली. हायड्रा म्हणजे पाण्यातला इवलासा जीव, तोंडाभोवती धाग्यांसारखी शुंडकं असलेला. पण ती स्लाइड माझ्याइतकीच जुनी. शुंडकं तुटून दोनच उरली होती. महामायेनं दोनच काढली.

बाहेरून आलेले परीक्षक तिच्या कागदापाशी थांबले.

"हायड्राला दोनच शुंडकं?"

"सर, हितं दोनच हायत."

"पुस्तकात किती आहेत?"

"सहा."

"मग? पास व्हायचंय ना?"

महामायेनं शेजारी उभ्या असलेल्या शिल्पा मॅडमकडे बघितलं. पुढच्या वर्षी कुणाला तासिका मिळणार, ती यादी अजून लागायची होती. मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं.

महामायेनं खोडरबर घेतला. सहा शुंडकं काढली, सारख्या लांबीची, सारख्या अंतरावर. त्यासाठी तिला पुन्हा माझ्यात बघावं लागलं नाही.

ती एका दमात पास झाली. ग्यानोबांनी मुदखेडला रुळावरच्या आपल्या गँगला जिलेबी वाटली. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेत येते, आकृत्या काढून वेळेआधी जाते. माझ्यावर वाकत नाही. शिल्पा मॅडमना यंदा बोलावणं आलं नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, असं मी सांगणार नाही. फोटोच्या दिवशी धूळ पुसली जातेच. दहावीनंतर तुम्ही नव्या वर्गात जाल, तेव्हा गुण हातात पडण्याआधी मला मागा. कपाटाला कुलूप असेल तर किल्ली मागा. आणि उद्या तुम्ही परीक्षक झालात, समोरच्या पोरीनं पुस्तकापेक्षा वेगळं काही काढलं, तर एकदा वाका आणि माझ्यात बघा.

त्या दिवशी परीक्षक वाकले नव्हते.