जाणाऱ्या पाण्याचा दाब

“टाळ्या नंतर वाजवा, आधी यंत्र तर चालू करा,” पंपचालक म्हणाला, आणि पंपघरातल्या टाळ्या एकदम थांबल्या. यंत्र केव्हाच चालू झाले होते.

समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या त्या कारखान्यात सर्वांत खारट वस्तू म्हणजे विजेचे बिल. समुद्राचे पाणी प्रचंड दाबाने मीठ अडवणाऱ्या पडद्यांतून दामटायचे, गोडे तेवढे घ्यायचे आणि उरलेले खारे पाणी त्याच्या अंगच्या दाबासकट समुद्रात सोडून द्यायचे, हा तिथला शिरस्ता. नवे यंत्र जाणाऱ्या पाण्याचा दाब काढून येणाऱ्या पाण्याला देत असे. त्यामुळे जुन्या अजस्र पंपाच्या जागी निम्म्या ताकदीचा, पेटीत बंद केलेला पंप पुरत होता. पंपचालकाचा या बेताला तात्त्विक विरोध होता. जो पंप गर्जत नाही तो काम करतो हे मानायचे कशावरून, हा मुद्दा त्याने वरिष्ठांपुढे इतक्या वरच्या पट्टीत मांडला होता की फाटकावरच्या रखवालदारालाही तो पटला होता. त्याला सगळे ‘भोंगा’ म्हणत. पंपाशेजारी उभा जन्म काढलेला माणूस ओरडूनच बोलणार, असे समजून त्यापुढे कोणी विचार केला नव्हता. आता निवृत्ती जवळ आली होती, आणि ती पंपघरातूनच व्हावी एवढीच त्याची इच्छा होती.

तरुण इंजिनीयरबाईंनी त्याचा हात धरून पेटीवर ठेवला. तळव्याला बारीक थरथर जाणवली.

“काका,” त्या अगदी समोर येऊन म्हणाल्या, “उद्या कान दाखवून या.”

तपासणीत त्याचे कान बरेचसे गेलेले निघाले, आणि ज्याला धोक्याची घंटा ऐकू येत नाही त्याला पंपघरात ठेवता येत नाही. त्याची बदली भांडारात झाली.

ही बातमी त्याने घरी बायकोला सांगितली, तेव्हा ती शेजाऱ्यांनाही कळली. बायको मात्र वेगळ्याच विचारात पडली. वर्षानुवर्षे ती त्याच्या पाठीमागे पुटपुटत आली होती: सासूबद्दल, पलंगावरच्या ओल्या टॉवेलबद्दल, त्याच्या हेकटपणाबद्दल. त्याने एकदाही उलट उत्तर दिले नव्हते. नात्यागोत्यात त्याच्या सोशिकपणाचे दाखले दिले जात, आणि ते देणाऱ्यांत ती स्वतः पहिली होती.

“म्हणजे तुम्हाला ऐकूच जात नव्हतं?”

“काय?”

तिने प्रश्न पुन्हा, मोठ्याने विचारला.

“का? तू काही बोलायचीस?”

“अहो, मग मी एवढं बोलले, ते सगळं गेलं कुठं?”

त्याने प्रामाणिकपणे विचार केला.

“समुद्रात,” तो म्हणाला, आणि कधी नव्हे ते हळू म्हणाला.

मग तिने खुर्ची त्याच्या उजव्या, त्यातल्या त्यात बऱ्या कानापाशी ओढली आणि सासूपासून सुरुवात केली. त्याने तिला हाताने थांबवले, उठून पंखा बंद केला, आणि परत येऊन कान तिच्याकडे केला.