गावाला गेलेली माणसं

भिमाबाईंच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम शुक्रवारी ठरला, आणि सोमवारपासूनच दिपालीची झोप उडाली.

तसं पाहिलं तर काळजी करण्यासारखं काही नव्हतं. चिखलीतल्या ज्या बालवाडीत दिपाली शिकवायची, तिच्या समोरच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भिमाबाई राहायच्या. सकाळी पोरं यायला लागली की त्या गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या, एकेकाला नावानं हाक मारायच्या, कुणाचं नाक वाहतंय तेही वरूनच सांगायच्या. पोरं त्यांना ‘वरची आजी’ म्हणायची. गेल्या वर्षी त्या वारल्या. त्यांचे मिस्टर जयसिंगकाका फाउंड्रीतून रिटायर झालेले, मोजकं बोलणारे. त्यांच्यामागच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या वेळी त्यांनी नातेवाइकांना बजावून सांगितलं, की साड्या-टॉवेल आणू नका, जे काही द्यायचं असेल ते हिच्या नावानं समोरच्या बालवाडीला द्या. लोकांनी दिलंही. त्यातून बालवाडी चालवणाऱ्या संस्थेनं शेजारचा बंद पडलेला वर्कशॉपचा गाळा भाड्यानं घेतला, नवी फरशी टाकली, ठोकळे आणले, चित्रांची पुस्तकं आणली, एक छोटी घसरगुंडीही बसवली. आता वर्ष होत आलं म्हणून त्या खोलीला भिमाबाईंचं नाव द्यायचं होतं.

झोप उडाली होती ती आयुषमुळे.

आयुष साडेचार वर्षांचा. त्याचे वडील नवनाथ चाकणच्या एका कंपनीत कामाला होते. दिवाळीनंतर एकदा रात्रपाळी करून मोटरसायकलवर घरी येताना त्यांना ट्रकनं उडवलं, जागच्या जागी गेले. आई रुपाली मूळची लातूरकडची. सगळं होईपर्यंत तिनं पोराला आजोळी ठेवलं होतं. परत आणल्यावर ती बालवाडीच्या दारात दिपालीचे दोन्ही हात धरून म्हणाली होती, “ताई, इथं कुणाला काही बोलू देऊ नका. लेकराला म्हणलंय, पप्पा गावाला गेलेत. जरा मोठा झाला की मीच सांगीन.”

दिपालीनं शब्द दिला. न देऊन काय करणार? शिवाय वरच्या आजी गेल्या तेव्हा पोरांनी विचारलंच होतं, आणि तेव्हा तिनंही हेच सांगितलं होतं, “आजी गावाला गेल्या.” पोरांनी चार दिवस गॅलरीकडे माना वर करून पाहिलं आणि मग विसरून गेली. निदान दिपालीला तसं वाटलं.

आता मात्र त्याच आजींचा फोटो हार घालून पोरांसमोर ठेवायचा होता. दिपालीनं संस्थेच्या धनेश सरांना फोन लावला.

“सर, हार नाही घातला तर चालेल का?”

“का बरं?”

तिनं आयुषचं सांगितलं. धनेश सर वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्या मागे दहा व्याप होते. “अहो दिपालीताई, देणगी स्मरणार्थ आहे. फोटो नाही, हार नाही, मग वाढदिवस करायचा का? त्यांचे पाहुणे येणार आहेत. त्या एका मुलाला सुट्टी द्या त्या दिवशी.”

मग तिनं रुपालीला विचारलं. रुपाली एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला होती, नवऱ्यामागे नुकतीच लागलेली. “घरी कुणाजवळ ठेवू, ताई? आधीच खाडे झालेत माझे. पण का, काय झालं?”

“काही नाही, कार्यक्रम आहे. गर्दी होईल म्हणून म्हटलं,” दिपाली म्हणाली, आणि फोन ठेवल्याठेवल्या तिला वाटलं, हीच वेळ होती खरं सांगायची.

राहता राहिले जयसिंगकाका. त्यांना विश्वासात घ्यावं असं तिनं ठरवलं. पण बुधवारी पाटी रंगवून आली आणि घोटाळा झाला. पाटीवर ‘कै. भिमाबाई’ असं लिहिलेलं. दिपालीला त्यात काही वावगं दिसलं नाही. ती पाटी पुसत होती तेवढ्यात काका आले. “जय भीम, ताई,” म्हणाले, चष्मा लावून पाटी वाचली आणि हळूच बोलले, “आमच्यात ‘कालकथित’ लिहितात. मुद्दाम नसेल केलं कुणी.” दिपाली शरमेनं अर्धी झाली. पाटी बदलून घ्यायला ती तासभर पेंटरच्या मागे लागली. अशा वेळी आणखी ‘तुमच्या बायकोच्या फोटोला हार नको’ हे कुठल्या तोंडानं सांगणार?

शेवटी तिनं आपल्यापुरता मार्ग काढला. हार-फुलं होईपर्यंत मदतनीस छबूबाईंनी आयुषला जुन्या खोलीत मातीच्या गोळ्यांशी खेळवायचं. नंतर खाऊच्या वेळी त्याला आणायचं, तोवर फोटो कपाटावर उंच ठेवून द्यायचा.

शुक्रवारी पाहुणे आले. पांढरी साडी नेसलेल्या भिमाबाईंच्या दोन नणंदा, भाचे, फाउंड्रीतले जुने सोबती. त्रिशरण-पंचशील झालं. पोरांनी एकेक फूल वाहिलं. दिपालीचं अर्धं लक्ष सारखं दाराकडे. पोरांचं गाणं सुरू झालं आणि दारात आयुष उभा दिसला, हात मातीनं भरलेले, चड्डी ओली. छबूबाई मागून धापा टाकत येत होत्या. त्याला शू लागली म्हणून त्यांनी बाहेर नेलं होतं, आणि गाणं ऐकताच तो हात सोडवून पळाला होता.

“वरची आजी!” तो ओरडला आणि थेट फोटोसमोर जाऊन उभा राहिला. “आजी गावावरून आली?”

पाहुण्यांतलं कुणीतरी कौतुकानं हसलं. जयसिंगकाका गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकले.

“नाही रे बाळा. आजी कुठली येतेय? आजी वारली.”

“गावाला गेली ना? ताई म्हणाल्या.”

काकांनी दिपालीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसती विचारणा होती. पण दिपालीला मान वर करवेना.

“गावाला नाही गेली,” काका म्हणाले. “आजारी होती, मग वारली. वारलेलं माणूस परत येत नाही. आठवण यावी म्हणून आपण फोटो ठेवतो.”

“आणि हार?”

“हारही त्यासाठीच.”

आयुषनं मातीच्या बोटांनी हाराला हात लावून पाहिला. मग तो वर्गातल्या सोनूशेजारी जाऊन बसला आणि पुढ्यात आलेला चिवडा एकेक शेंगदाणा वेचून खाऊ लागला. तो रडेल, काही विचारेल, म्हणून दिपाली त्याच्यावर नजर लावून होती. तो शेंगदाणेच वेचत राहिला. त्यामुळं तर तिचा जीव आणखीच टांगणीला लागला.

पाहुणे गेल्यावर तिनं काकांना सगळं सांगितलं. ते पोरांच्या बुटक्या खुर्चीवर मटकन बसले. “आधी बोलायचं होतंत, ताई. फोटो घरी राहिला असता तरी काय बिघडलं असतं? ही खोलीच तिची आहे.”

संध्याकाळी रुपाली न्यायला आली तेव्हा दिपाली म्हणाली, “जरा बोलायचं होतं.” पण रुपालीची पाण्याची वेळ टळत होती. “उद्या बोलू, ताई,” म्हणत तिनं पोराला कडेवर घेतलं आणि ती गेलीही.

दुसऱ्या दिवशी दिपाली कुलूप उघडत होती तोच रुपाली समोर उभी. अंगात कंपनीचा ड्रेस, डोळे सुजलेले, सोबत आयुष नाही.

“तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती, ताई. एकच.”

“रुपालीताई, मी...”

“रात्री जेवताना मला विचारतंय, वरची आजी गेली त्याच गावाला पप्पा गेलेत का? काय सांगू मी? मी म्हणलं, नाही, पप्पा येणार आहेत. तर ताट सरकवून उठलं लेकरू.” तिचा आवाज फाटला. “तुमचे कार्यक्रम होतात, फोटो निघतात. आमच्या घरात काय होतं, ते बघायला येतं का कुणी? आता नाही पाठवायचं मला.”

कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला तशी ती पळत गेली.

पुढचा आठवडा दिपालीनं कसा काढला तिचं तिलाच माहीत. रुपाली फोन उचलत नव्हती. पोर शेजारणीकडे असतं, एवढंच छबूबाईंच्या कानावर आलं. रोज सकाळी गेटचा आवाज झाला की दिपाली वळून बघायची. फळ्यावर चित्र काढताना मध्येच हात थांबायचा. आपण एका घरात नेमकं काय मोडून ठेवलंय, हे तिला कळत नव्हतं, आणि न कळल्यामुळं ते मनात वाढतच होतं.

रविवारी जयसिंगकाकाच तिच्याकडे आले. “चला, जाऊन येऊ. माझ्या तोंडून निघालंय, तर शिव्या मीच खायला पाहिजेत.”

रुपालीची खोली एका चाळवजा इमारतीत होती, खाली लेथ मशीनचं दुकान, रविवार म्हणून बंद. दार रुपालीनंच उघडलं. दिपालीला वाटलं, आता तोंडावर दार बंद होणार. पण काकांचं वय पाहून असेल, ती बाजूला झाली.

आयुष भिंतीला टेकून बसला होता. त्यानं काकांना ओळखलं, पण जागचा हलला नाही.

“माझं चुकलं, पोरी,” काका म्हणाले. “मला ठाऊक नव्हतं.”

“चूक माझी आहे,” दिपाली म्हणाली. “मला ठाऊक होतं आणि मी बोलले नाही.”

रुपालीनं एकदा आयुषकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “आठवडा झाला, माझ्याशी धड बोलत नाही. पप्पांचं रोज शेजारणीला विचारतंय. मला नाही विचारत. घरात त्यांचा फोटोपण लावला नाही मी, याच्यासाठी.” आणि एकदम काकांकडे वळून, “तुम्हीच सांगा त्याला. तुमचं ऐकलं त्यानं.”

काकांनी नकारार्थी मान हलवली. “माझ्या माणसाचं मी सांगितलं. हे तुझं माणूस आहे. तू सांग, आम्ही बसलोय इथं.”

रुपाली पोरासमोर जाऊन बसली.

“पप्पा गावाला नाही गेले, आयु. पप्पा वारले. गाडीवरून येताना ट्रक धडकला.”

आयुषनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. “लागलं का?”

“हो.”

“लई?”

“लई.”

“मग रडले पप्पा?”

“माहीत नाही रे. मी नव्हते तिथं,” असं म्हणून रुपालीला जो हुंदका फुटला, तो त्या घरात पोरासमोर पहिल्यांदाच फुटला असावा. आयुष घाबरला. दिपालीकडे, काकांकडे बघू लागला. मग उठून आईच्या मांडीत शिरला आणि तोही रडला, मोठ्यानं, नाक-डोळे एक करून. कुणी त्याला गप्प केलं नाही.

निघताना रुपालीनं चहाला थांबवलं नाही, की माफही केलं नाही. ‘बरं, या,’ एवढंच म्हणाली.

पण बुधवारी आयुष बालवाडीत आला. आल्याआल्या त्यानं घसरगुंडीवर उभं राहून सगळ्यांना सांगितलं, “माझे पप्पा वारले.” सोनू म्हणाली, “आमची म्हैसपण वारली.” आणि दोघंही घसरून खाली आली.

त्या आठवड्यात पालकांचे फोन आले. पोरं घरी जाऊन भलतंसलतं विचारतात, हे काय शिकवताय? धनेश सरांचाही आला. “पोरं विचारतात, सर,” ती म्हणाली. “विचारल्यावर मी सांगते. तुम्हाला पटत नसेल तर येऊन बसा एक दिवस वर्गात.” ते अजून आलेले नाहीत. एका पालकानं मुलीचं नाव काढून घेतलं. त्याचं तिला फार लागलं.

आयुष नेहमीसारखा खेळायचा, पण निघायच्या वेळी आई यायला जरा उशीर झाला की गेटची जाळी दोन्ही हातांनी धरून उभा राहायचा. अशाच एका संध्याकाळी त्यानं मागं न वळता विचारलं, “ताई, तुम्ही कधी वारणार?”

“ते कुणालाच माहीत नसतं रे.”

“उद्या येणार ना पण?”

‘येणार’ हा शब्द दिपालीच्या अगदी ओठांवर आला होता. तिनं तो आवरला.

“यायचं ठरवलंय,” ती म्हणाली. “तू?”

त्यानं थोडा विचार केला. “मीपण ठरवलंय,” म्हणाला, आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागला. दिपालीही त्याच्या शेजारी उभी राहून कंपनीच्या बसची वाट बघू लागली.