आतली खाच

मिलिंग मशीनवर त्याची अठ्ठावीस वर्षं गेली होती. समोर हत्यारं देणाऱ्या टूलरूमच्या खिडकीत त्याची वहिनी बसायची. भाऊ गेल्यावर कारखान्याच्या मालकांनी तिला कामावर घेतलं होतं.

त्या सकाळी पोलादाच्या जाड प्लेटमध्ये वर अरुंद आणि आत रुंद अशी खाच पाडायची होती. वरची चीर झाली. आतलं पोट कोरायला वहिनीने दोन कटर काढले.

"हा मोठ्या डोक्याचा. एका फेरीत उरकेल, भावोजी."

"त्याची मान बघा, काडीएवढी. लहान द्या, त्याची मान दणकट आहे. डावी-उजवी दोन फेऱ्या मारीन."

निवड बरोबर होती. पण आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही. कीस साचला की कटरचा आवाज घोगरा होतो, मग थांबून हवा मारून तो उडवायचा. तो आयुष्यभर कानांच्याच भरवशावर खाचा पाडत आला होता. ते कान सहा महिन्यांपासून गेल्यात जमा होते. समोरासमोरचं बोलणं ओठांवरून निभायचं. बायको म्हणायची, "तुम्ही माझं ऐकूनच घेत नाही." त्यानेही तो समज तसाच राहू दिला.

दुसऱ्या फेरीत आवाज बदलला. वहिनीला तो खिडकीतून कळला.

"भावोजी, मशीन थांबवा."

त्याने मान वळवली नाही. ती धावत येईपर्यंत कटरची मान तुटून डोकं आत रुतलं होतं. दहा दिवस खपून घडवलेली प्लेट वाया गेली.

फोरमन आला. वहिनी लगेच म्हणाली, "साहेब, कटरच बोथट होता. मी न तपासता दिला."

तो तिच्या ओठांकडे बघत होता. 'बोथट' तेवढं त्याला कळलं.

"कटर चांगला होता साहेब," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

 फोरमनने मशीन बंद केलं.

पुढच्या आठवड्यापासून त्याला पॅकिंगला बसवलं. खोक्यांवर चिकटपट्टी लावायची, बस्स. जेवणाच्या सुट्टीत वहिनी डबा घेऊन मुद्दाम समोर बसते, सावकाश बोलते. तो मान डोलावतो. त्यातलं किती पोचलं, हे तिला विचारवत नाही.