मामंजींचं झाकण

मामंजींनी लावलेलं झाकण उघडायला आमच्या घरात दोन माणसं लागतात. साखरेचा डबा असो की तेलाची बाटली, ते पिळून पिळून बंद करतात. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "यांना तुरुंगात नोकरी द्यायला हवी होती. एक कैदी सुटला नसता."

त्या सकाळी होडीचं जुनं मशीन चालवून बघायला मागच्या अंगणात पाण्याच्या पिंपाला अडकवलं होतं. दर आठवड्याला त्याच मशीनच्या जोरावर मामंजी आणि मी नदीपलीकडे आत्याबाईंकडे जातो. आत्याबाई, म्हणजे मामंजींची बहीण, अंथरुणाला खिळल्या आहेत. मी त्यांना न्हाऊ घालते, मामंजी उशाशी बसून गप्पा मारतात. पण हल्ली मशीन नदीच्या मध्यावर बंद पडायचं. थोडं थांबलं की पुन्हा चालायचं, म्हणून सगळे म्हणायचे, तापतंय. आणि तापत होतंच.

माझ्या धाकट्या दिरांनी शेवटचं सांगून टाकलं होतं. "अप्पा, आज पलीकडे धड पोचलं तर ठीक. नाहीतर दुपारी भंगारवाला येतोय." बसने लांबच्या पुलावरून जाणं मामंजींच्या गुडघ्यांना झेपत नाही. मशीन गेलं की बहीणभावाची भेटही गेली.

मामंजींनी मशीनचा खालचा भाग सोडवला. आत नदीचं पाणी वर ओढणारा रबरी पंखा होता, त्याची पाती झडली होती.

"माझ्या दातांसारखा झालाय."

"तुम्ही कवळी बसवलीत. त्याला काय बसवणार?" भावजी म्हणाले.

मामंजींनी खिशातून नवा पंखा काढला. जुन्या पात्याचा एक तुकडा पाण्याच्या नळीत जाऊन बसला होता, तो तारेने ओढून काढला. टाकीत पेट्रोल ओतलं, टोपण नुसतं वर टेकवलं आणि दोरी ओढली. मशीनच्या कडेच्या भोकातून पाण्याची धार जोरात उडाली. आतली उष्णता घेऊन पाणी बाहेर पडत होतं. भावजींनी मशीन स्वतः उचलून होडीला लावलं आणि परीक्षक म्हणून ते आमच्याबरोबर बसले.

मध्यावर पोचलो आणि मशीन खोकून बंद पडलं. धार शेवटपर्यंत चांगली होती. मशीनच्या झाकणावर हात ठेवला तर चटका नाही.

"अप्पा, पुरे झालं आता. हौस फिटली."

मामंजी नुसतीच दोरी ओढत राहिले. त्यांचा चेहरा बघवेना.

मी सकाळच्या प्रार्थनेपासून दुपारच्या प्रार्थनेपर्यंत बोलत नाही, रोजचा नेम आहे. बोलायचं नसलं की डोळे बघायला मोकळे असतात. टाकीतून मशीनकडे जाणाऱ्या नळीत एक रबरी फुगा असतो, तो चपटा झाला होता. टाकीही गाल ओढल्यासारखी आत गेली होती. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की धार अडखळते, हवेसाठी दुसरं पाडावं लागतं. या टाकीच्या टोपणावर हवेसाठी बारीक स्क्रू होता. निघताना मामंजींनी टोपण लावलं होतं. आणि स्क्रूसुद्धा. त्यांच्या पद्धतीने.

मी पदरात धरून तो कसाबसा फिरवला. सुस्स करून हवा आत गेली, टाकी टप्पकन फुगली. फुगा दाबून दाबून टणक केला आणि मामंजींना दोरीकडे खूण केली.

ते आधी स्क्रूकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. दोरी ओढली. मशीन सुरू झालं ते पलीकडचा काठ येईपर्यंत थांबलं नाही.

"काय झालं होतं वहिनी?"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"हां, तुमचं मौन. अप्पा, तुम्ही सांगा."

मामंजी धारेकडे बघत बसले. मला वाटलं, आता विषय बदलतील.

"मीच गळा आवळला होता टाकीचा," ते म्हणाले. "झाकण घट्ट लावलं."

भावजी इतके हसले की होडी हलली. "आई उगाच नाही म्हणायची!" मग डोळे पुसत त्यांनी भंगारवाल्याला फोन लावला. "आज नको. नाही हो, उद्याही नको."

दुसऱ्या दिवशी साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या. झाकण नुसतं वर टेकवलेलं होतं. मी मुंग्या अलगद अंगणात झटकल्या आणि झाकण स्वतः लावलं, बेताचं.