धूलकोटला ठेवलेलं प्रस्थान

इंदूरला शिकणाऱ्या पल्लवीची पोलंडच्या विद्यापीठात पाच महिन्यांसाठी निवड झाली, तेव्हा तिथून काय काय लागेल याची यादी आली. ती एका पानात मावली. घराजवळच्या, शनवारा मोहल्ल्यातल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिलेली यादी मात्र काही केल्या संपेना. कुकर न्या, तुरीची डाळ न्या, केळ्याचे चिप्स न्या, तिकडच्या साहेबाला द्यायला आपली दराबा मिठाई न्या. शेजारच्या आशाबाई कधी भुसावळच्या पलीकडे गेल्या नव्हत्या, पण पोलंडचं पाणी पचायला जड असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पंकजकाकाने चौकात अभिनंदनाचा फलक लावला. त्यावर काका होता, काकाचे सोळा मित्र होते, आणि खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या आकारात, पल्लवी होती.

पल्लवीची आई उषा हे सगळं आनंदाने ऐकून घेत होती. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, यादी बघितली की तिला बरं वाटायचं. पापड झाले, मसाला झाला, लोणच्याला तीनदा पिशव्या गुंडाळून झाल्या. राहता राहिला व्हिसा. त्याची मुंबईची तारीखच मिळत नव्हती.

त्यात गुरुजींनी पंचांग उघडलं. विमान नेमकं पितृपक्षात.

"तिकीट बदलता येतं का?" त्यांनी विचारलं.

"तिकीट विद्यापीठाचं आहे, गुरुजी," पल्लवीचे वडील नंदकुमार म्हणाले.

"मग प्रस्थान ठेवा. चांगल्या दिवशी जाणाऱ्याची वस्तू जाण्याच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी ठेवायची. म्हणजे निघणं झालं. मग शरीर केव्हाही जाऊ दे."

नंदकुमार पाटबंधारे खात्यात होते; दिशेच्या बाबतीत ते हयगय करत नसत. गच्चीवर मोबाईलमधलं होकायंत्र घेऊन ते अर्धा तास फिरले आणि खाली येऊन म्हणाले, "पोलंड आपल्या धूलकोटच्याच अंगाला आहे." धूलकोटला त्यांची थोरली बहीण, मालूबाई. श्रावणातल्या एका गुरुवारी ते स्कूटरवर लाल पिशवी घेऊन गेले, देव्हाऱ्यापाशी ठेवून आले. पोलंडचा पहिला टप्पा पार पडला.

आणि महिन्याभराने, एका रविवारी सकाळी, पल्लवी किंचाळली.

"मम्मी! डेट मिळाली! उद्या साडेबारा, मुंबई! पप्पा, आजच्या संध्याकाळच्या गाडीचं तिकीट बघा ना!"

घरात एकच धावपळ झाली. फाईल निघाली. फोटो होते, बँकेचे कागद होते, विम्याचे होते.

"पासपोर्ट कुठाय?"

उषाच्या हातातलं पीठ हातातच राहिलं.

"लाल पिशवीत," ती हळूच म्हणाली.

"कुठल्या लाल पिशवीत?"

"गुरुजी म्हणाले, जाणाऱ्याची वस्तू ठेवा. आता जायला सगळ्यात जास्त काय लागतं? मला वाटलं..."

पल्लवी भिंतीला टेकून खालीच बसली. "मम्मी, सीरियसली? माझा पासपोर्ट देवासमोर बसलाय? नुसती ओढणी ठेवायची होती, यार! ही डेट गेली तर पुढची नाही. सेमिस्टर गेलं समज."

नंदकुमारांनी बहिणीला फोन लावून स्पीकरवर टाकला. "बाई, ती पिशवी घेऊन तुझ्या सुपडूला मोटरसायकलवर पाठवतेस का?"

"नाही," मालूबाई म्हणाल्या.

"अगं, अर्जंट आहे."

"काय बोलू राहिला तू, नंदू? ठेवलेलं प्रस्थान माघारी नेतेत का कुठं? पिशवी माघारी आली की पोरगी बी माघारी आली. मी नाही पाठवत." फोन बंद.

नंदकुमार म्हणाले, गुरुजींना विचारतो. गुरुजी सत्यनारायणात होते. पंकजकाका म्हणाला, पोलीस ठाण्यात ओळख आहे. पल्लवी भिंतीशी बसून फाईलीतले कागद पुन्हा पुन्हा लावत होती, आणि उषाला तेच सहन होईना. लेकीचं सेमिस्टर आपण स्वतः, हळदीकुंकू लावून, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवलं होतं.

"ऊठ," ती म्हणाली. "बॅग घे. आपणच जायचं."

भाड्याच्या गाडीत ती वाटभर बोलणं जुळवत होती. पाया पडू, रडू, वेळ आली तर भांडू. नणंदेशी ती वीस वर्षांत कधी भांडली नव्हती, म्हणून पहिलं वाक्यच सुचत नव्हतं.

मालूबाई ओट्यावर उभ्या होत्या. पल्लवी गाडीतून उतरली तशी त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

"आली का? मला वाटलं, आमच्या नशिबात पिशवीच."

"बाई, पासपोर्ट..." उषाने सुरुवात केली.

"थांब गं. बाप आला, पिशवी ठेवली, चहा पेला, गेला. पोरगी परदेशात चालली, गावभर फलक लागले, मी मोबाईलवर पाह्यले. आन् आत्याकडं कोण आलं? पिशवी!" त्यांनी पल्लवीचा हात धरून ठेवला. "म्हनून नाही पाठवली. पाठवली असती तर तू आली असती का? सांग."

उषाने जुळवलेलं सगळं बोलणं विरून गेलं. पल्लवीने आत्याला घट्ट मिठी मारली. "सॉरी, आत्या. चूक झाली, खरंच."

"जेव आधी. गाडी संध्याकाळची आहे, सुपडूनं नंदूला विचारून सांगितलं मला."

पल्लवी निमूट जेवली. भाकरी संपली की दुसरी येत होती. मग मालूबाईंनी पिशवीतून ओढणी, तांदूळ, सुपारी बाजूला केली आणि पासपोर्ट काढून दिला. वर हळदकुंकवाची पाच बोटं.

उषा पुढे वाकली. "आत पण लावलं?"

"येडी आहे का मी? आत तिचा फोटो आहे. जित्या माणसाच्या फोटोला काही लावतेत का?" मग सुपारीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे राहू दे इथंच. प्रस्थान हेच. कागदाला काय करायचंय प्रस्थान?"

सोमवारी दुपारी उषा चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवत होती. फोन थरथरला, तशी ती व्हरांड्यात आली.

"पासपोर्ट घेतला, मम्मी. बोटांचे ठसे पण घेतले. काउंटरवरच्या बाईने विचारलं, कव्हर पिवळं का? मी म्हटलं, घरच्यांनी पूजा केली."

"मग?"

"हसली. तिची आई पण असंच करते म्हणाली. होऊन जाईल गं, मम्मी. मी जातेय!"

"बरं," उषा म्हणाली. "काही खाल्लंस का?"

फोन ठेवून ती तिथेच उभी राहिली. दोन महिने पापड, लोणचं, दिशा, फलक यांत गेले होते. आता ही जाणार. वर्गातून पोरं ओरडत होती, मॅडम, बाकी किती ठेवायची? तिला उत्तर येत होतं. तरी ती खडू हातात घेऊन व्हरांड्यात उभी राहिली, आणि पोरं सगळी मिळून पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली.