लांब का?

घराबाहेर पडणाऱ्या माणसाला कुठं निघालात असं विचारू नये, हे रेणुकाला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी तिनंही त्यापायी पाठीत धपाटे खाल्ले होते. चप्पल पायात घातलेल्याला कुठं म्हटलं की त्याचं काम नासतं. विचारायचंच असेल तर "लांब का?" म्हणायचं, मग तो आपणहून सांगतो, सेलूला जाऊन येतो, लेकीकडं जाऊन येतो. आणि टोकलंच कुणी, तर माघारी फिरायचं, घोटभर पाणी प्यायचं, क्षणभर टेकायचं आणि मग नव्यानं निघायचं.

पण रेणुकाची सगळी पीएचडीच त्या एका शब्दावर उभी होती. खेड्यातल्या बायका शहरगावाला कशानं जातात, कुणाच्या सोबतीनं जातात, आणि दवाखाना त्यांच्या आवाक्याच्या आत किती आणि बाहेर किती, हा तिचा विषय. त्यासाठी खैरवाडी फाट्यावर उभं राहून पाथरीच्या काळीपिवळी जीपमध्ये चढणाऱ्या प्रत्येक बाईला एकच विचारायचं, "आपण आता कुठे निघाला आहात?" सगळ्यांना त्याच शब्दांत. आपल्या पदरचा एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाही, नाहीतर उत्तरं एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत, अशी विद्यापीठातल्या सरांची सक्त ताकीद होती.

फाट्यावर हरभऱ्याचे ढाळे विकायला बसणाऱ्या कडूबाईनं पहिल्याच सकाळी हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"माय, एवढं शिकून हे शिकलीस व्हय?"

"सर्वे आहे मावशी. असंच विचारावं लागतं."

"लांब का म्हन की. तोंड झिजतंय का तुझं?"

"लांब का म्हटलं तर कुणी हो म्हणेल, कुणी नाही म्हणेल. ठिकाण कसं कळणार?"

"बाया सांगतेत की. तू गप बस जरा, त्या आपसूक बोलतेत."

रेणुका हसली आणि तिनं चार पेंढ्या ढाळे विकत घेतले. पण बायकांचं काय होत होतं ते तिला दिसत होतं. प्रश्न कानावर पडला की त्यांचा पाय जागीच थबकायचा. कुणी पदर तोंडाला लावायची, कुणी "इथंच" म्हणून पुटपुटायची. दोघीचौघी तर खरोखरच माघारी वस्तीकडं वळल्या, पाणी पिऊन आल्या, आणि तोवर जीप निघून गेलेली. बायका उशिरा का पोचतात हे शोधायला आलेली बाईच त्यांना उशीर करत होती. हे रेणुकानं वैष्णवीला फोनवर सांगितलं. वैष्णवी तिची विद्यापीठातली मैत्रीण. जीपमध्ये कोण कोण चढलं ते रेणुका फोनवर कळवायची, आणि पाथरीच्या स्टँडजवळ उभी राहून त्या उतरल्या की त्यांना विचारायचं काम वैष्णवीचं. ती खूप हसली.

"सरांना सांग, रस्ते चांगलेत, फक्त रेणुकाला फाट्यावरनं हटवा."

रेणुकाचं घर पाथरीतच. दहा महिन्यांची ओवी सासूबाईंजवळ ठेवून ती सकाळी फाट्यावर यायची आणि दुपार व्हायच्या आत परत जायची. तेवढाच वेळ तिच्या हातात होता. प्रश्न बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला तो पुरणारा नव्हता. म्हणून ती विचारतच राहिली.

तशातच एक दिवस ती बाई आली. वस्तीच्या पांदीतून झपझप चालत, खांद्यावर टॉवेलात गुंडाळलेलं लेकरू, अंगावर मोरपंखी साडी, पायात दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला. घाईत सापडतील त्या घातलेल्या. बजरंगची जीप भरत आली होती. रेणुका पुढं झाली.

"ताई, आपण आता कुठे निघाला आहात?"

बाईनं तोंड उघडलं. काहीतरी सांगायला म्हणून ओठ हलले आणि तसेच राहिले. रेणुकाला वाटलं, नाव ओठांवर आहे, आता येईल. बाईनं एकदा माघारी पांदीकडं पाहिलं, एकदा जीपकडं. बजरंगनं हॉर्न दिला. बाई न बोलता चढली.

दुपारी वैष्णवीचा फोन आला. "सगळ्या झाल्या. तुझी मोरपंखी साडीवाली तेवढी न्हाई उतरली."

"मधेच उतरली असेल."

"बजरंगभाऊला विचारलं मी. म्हणे मधी गाडी थांबलीच न्हाई."

"मग तुझी नजर चुकली."

"लेकरू घेतलेली बाई नजरेतून सुटंल का माझ्या? तुला मी कोण वाटले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई पुन्हा पांदीतून झपझप चालत आली. तीच साडी, त्याच चुकलेल्या चपला, लेकराचं डोकं त्याच खांद्यावर तसंच कललेलं. थांबली नाही, कुणाकडं पाहिलं नाही, चढली. पाथरीत उतरली नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. रेणुकानं सगळ्यात जास्त धसका कशाचा घेतला असेल तर त्या लेकराचा. ते रडत नव्हतं. कूस बदलत नव्हतं. जीपच्या धक्क्यानं डोकं हललं तरी डोळे मिटलेलेच.

"मावशी, ती कुणाची कोण?" तिनं कडूबाईला विचारलं.

कडूबाई पेंढ्यांवर पाणी शिंपडत होती. "घरचे समदे ऊसतोडीला गेलेत. ही एकली माघं राहिली, लेकरू तापलं म्हनून. दवाखान्याला निघाली व्हती." मग शिंपडायचं थांबवून म्हणाली, "निघालीच हाय अजून."

"म्हणजे?"

"तू कुठं म्हनलीस. तिचं ठिकानच पुसलं. पानी प्यायला माघारी गेली असती तर गाडी गेली असती, म्हनून तशीच चढली माय. आता गाडी पोचती, ही पोचत न्हाई."

रेणुकाला हे हसण्यावारी नेता आलं असतं. तिनं नेलं नाही, कारण त्या दिवशी पांदीच्या तोंडाशी उभं राहून तिनं हळूच विचारून पाहिलं होतं, "लांब का, ताई?" बाई तिच्या अंगाला घासून पुढं गेली होती. लेकराच्या अंगाची धग रेणुकाच्या दंडाला लागली होती. लेकरू जिवंत होतं आणि तापलेलं होतं. पहिल्या दिवशीइतकंच.

"हितं विचारून काय उपेग?" कडूबाई म्हणाली. "ती आता वाटंवरची हाय. वाटंवरच्याला वाटंवरच इचारावं. कुनीतरी संगं बसून जावं लागतंय."

"मी जाते उद्या."

"येते म्हन." कडूबाईनं तिला तिथल्या तिथं दुरुस्त केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून रेणुकानं कुणालाच काही विचारलं नाही. मोरपंखी साडी दिसली तशी ती तिच्या मागोमाग जीपकडं गेली. बाई आत बसली. रेणुकानं पायरीवर एक पाय ठेवला आणि पर्समध्ये फोन वाजला. वैष्णवी.

"अगं, आज फोन न्हाई काही न्हाई. आणि हॉर्न कसला ऐकू येतोय? कुठं निघालीस?"

कडूबाई टोपलं टाकून उठली. हातात पाण्याचा तांब्या. "उतर, माय. घोटभर पी अन् मग बस."

रेणुकाला उतरायचं होतं. पण बजरंगनं गाडी गिअरमध्ये टाकली होती, आणि आत ती बाई लेकराचं डोकं हातानं सावरत तिच्याकडं पाहत होती. पहिल्यांदाच पाहत होती. रेणुका चढली. कडूबाईच्या हातातल्या तांब्यातलं पाणी रस्त्यावर हिंदकळलेलं तिला मागच्या काचेतून दिसलं.

रस्ता रोजचाच. कालवा, बांधावरच्या बाभळी, उपटून रचलेल्या कापसाच्या पऱ्हाटीचा ढीग, त्यावर बसलेला होला पक्षी. रेणुकानं बाईकडं तोंड केलं.

"लांब का, ताई?"

"लांब," बाई म्हणाली. आवाज कोरडा, पण माणसाचा. "लय लांब निघालं."

"दवाखान्यात ना? आपण..." रेणुका थांबली. आपण कुठल्या गावाला चाललोय, ते नाव तिच्या जिभेवर आलं नाही. ती हसली, असं होतं कधीकधी. पुन्हा आठवून पाहिलं. जिथं नाव असायचं तिथं सारवलेल्या भिंतीसारखं कोरं होतं सगळं. बाहेर कालवा गेला, बाभळी गेल्या, पऱ्हाटीचा ढीग गेला, होला बसलेला. मग थोड्या वेळानं पुन्हा पऱ्हाटीचा ढीग, पुन्हा होला.

"बजरंगभाऊ, किती राहिलं?"

"आलंच," बजरंग मान न वळवता म्हणाला. बाकीच्या बायका बाहेर बघत होत्या. त्यांच्यापैकी एकीला तिनं विचारलं, मावशी, ही गाडी कुठं जाते? त्या मावशीनं ऐकलं नसावं, किंवा ऐकूनच तोंड फिरवलं असावं. पुन्हा होला. ऊन हललं नव्हतं. आपल्याला कुणाकडं तरी परत जायचंय एवढं रेणुकाला कळत होतं, आणि तेही हातातून निसटणाऱ्या ओल्या साबणासारखं. घाबरून तिनं सीटचा दांडा घट्ट धरला.

तेवढ्यात ते लेकरू रडलं.

बारीक, चिरका आवाज. भुकेचं रडणं. ते ऐकताच रेणुकाच्या छातीत कळ आली आणि पान्हा फुटला. कुर्ता भिजला, ओढणी भिजली. तिला गावाचं नाव आठवलं नाही. पण ओवी आठवली. ओवीच्या टाळूचा वास, पिताना दुसऱ्या हातानं मंगळसूत्र ओढायची सवय, पोट भरल्यावर सुटणारा तो एवढासा उसासा. सगळं एकदम, पोटातून वर आलं.

"आटलंय माझं," बाई लेकराकडं बघत म्हणाली. तिनं मागितलं नाही. नुसते हात थोडे सैल केले.

रेणुकानं लेकरू घेतलं. तव्यासारखं तापलेलं, आणि वजनाला जवळजवळ काहीच नाही. ओढणीखाली घेतल्यावर आधी त्याला जमेना, मग एकदम जमलं. ते इतक्या जोरानं प्यायला लागलं की रेणुकाच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या दोघी बायका बाहेर बघता बघताच सरकून आडोसा करून बसल्या.

"प्यायलंय," बाई म्हणाली. "बरंय. आता सरकारी दवाखाना आला म्हंजी झालं. स्टँडच्या माघं हाय बगा, पिंपळापाशी." बोलता बोलता ती स्वतःच दचकली. कितीतरी दिवस हरवलेली वस्तू भलत्याच फडताळात सापडावी तशी ती त्या शब्दांकडं बघत राहिली. मग खिडकीबाहेर मान काढून म्हणाली, "हे काय, आलंच की."

गाडी थांबली. होर्डिंगं, रसवंतीची घुंगरं, एसटीचा धूर. बाईनं हात पुढं केले. रेणुकाला लेकरू देववेना. त्याच्या तोंडातून स्वतःला सोडवताना तिला वाटलं, आपलंच काहीतरी आतून ओढलं जातंय.

"द्या. तुमचंबी वाट बगत असंल," बाई म्हणाली, आणि लेकराला छातीशी धरून गर्दीतून पिंपळाकडं पळत सुटली.

रेणुका उतरली. समोर हाताच्या अंतरावर वैष्णवी उभी होती, त्या बाईच्या पाठमोऱ्या साडीकडं बघत, कानाला फोन लावून. रेणुकाच्या पर्समध्ये फोन वाजला. तिनं तो घेतला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

"उतरली गं ती आज," वैष्णवी फोनमध्ये आणि समोर, दोन्हीकडून बोलली. "लेकरू केवढ्यांदा रडत होतं. मी बघितली स्वतः. तू कधी निघतेस?"

"मी आलेय, वैशू."

"कुठं आलीयस?"

"तुझ्या समोर."

वैष्णवीनं मान वर केली. तिची नजर रेणुकाच्या तोंडावरून गेली, जशी रस्त्यावरच्या कुठल्याही बाईच्या तोंडावरून जाते, आणि मागच्या जीपमध्ये शोधायला लागली. "कुठंय गं? हॅलो? रेंज न्हाई वाटतं तिकडं."

रेणुका तिला हात लावायला गेली नाही. हात लावला आणि तरीही तिनं ओळखलं नाही तर, या विचारानं ती मागं सरली आणि चालायला लागली. दुकानांच्या पाट्या वाचता येत होत्या, पण कुठली गल्ली कुणीकडं जाते ते कळत नव्हतं. छाती पुन्हा भरून दुखत होती. ज्या बाजूला वळल्यावर ती ओढ वाढायची त्या बाजूला ती वळत गेली. पिठाच्या गिरणीपासून डावीकडं, बोळातून, निळ्या दारापर्यंत.

दार सासूबाईंनी, मनकर्णाबाईंनी उघडलं. कडेवर ओवी, रडून रडून नाक लाल झालेली.

"कोन पायजे, बाई?" त्या म्हणाल्या.

ओवी तिच्याकडं बघत होती. ती रडायची थांबली, नाक फुरफुरवून तिनं वास घेतला, क्षणभर कपाळाला आठी घातली. मग दोन्ही हात पसरून तिनं आजीच्या कडेवरून अशी झेप घेतली की मनकर्णाबाईंचा तोल गेला.

"अगं बया, तूच व्हय?" त्या डोळे चोळत म्हणाल्या. "दारात ऊन एवढं, वळखलंच न्हाई बग. ये, ये. कधीची रडायली, बाटलीला तोंड लावीना."

रेणुका तिथंच उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली आणि तिनं ओवीला ओढणीखाली घेतलं. ओवी पिऊ लागली, दुसऱ्या हातानं मंगळसूत्र ओढत. तिची पावलं गार होती, मऊ होती, आणि रेणुकानं ती दोन्ही मुठीत धरून ठेवली.

"घे, पानी घे आदी," मनकर्णाबाई तांब्या तिच्याजवळ ठेवत म्हणाल्या. "आज पाथरीत बाजार हाय, गर्दी असंल इस्टँडावर लय."

रेणुका ओवीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. पाथरी, तिनं मनाशी म्हणून पाहिलं. पाथरी. ऐकलेलं नाव वाटत होतं. कुठल्या बाजूला असेल ते गाव, आणि इथून किती लांब, ते तिला काही केल्या आठवेना.