दोघांनाही चालणारं नाव

"मुलगा होवो नाहीतर मुलगी, नाव किरण," असं आमच्या ह्यांनी बाळ पोटात असतानाच जाहीर केलं आणि मी वेडी केवढी फुशारून गेले. आधीच्या दोन मुलीच, प्रतिमा आणि वासंती. तरीही नवऱ्याला फरक पडत नाही म्हणजे काय! त्या साली, बासष्टमध्ये, जयपुरात किरण, शशी, कमल अशी दोघांनाही चालणारी नावं ठेवायची टूमच निघाली होती. तिलक नगरात आम्ही चार-सहा मराठी बायका, बदलीवर आलेल्या. आमच्यात त्यावरून रोज वाद.

"मुलीला मुलीसारखं नाव असावं बाई," बँकेतल्या साहेबांची विभा म्हणायची. "उद्या शाळेत मास्तर हिला मुलांच्या रांगेत उभं करतील."

"करू देत. आमच्याकडे मुलगा-मुलगी असलं काही नसतं. आमचे हे काही तुमच्या साहेबांसारखे जुनाट नाहीत."

असं तोंडावर बोलायची मी तिला. बिचारी गप्प बसायची.

तिसरीही मुलगीच झाली. ह्यांनी विम्याच्या ऑफिसातून कराडला ट्रंक कॉल लावला आणि संध्याकाळी येऊन सांगितलं, आई आणि शालन बारशाला निघतायत. शालन म्हणजे माझी नणंद. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, तेव्हा त्या हव्याच होत्या.

बारशाच्या दिवशी नेमका गाडीला उशीर झाला. पाळणा सजलेला, आत जवळच्या बगरू गावच्या छापाचं दुपटं, बायका येऊन बसलेल्या. आठ वर्षांची प्रतिमा परकर सावरत घुगऱ्यांच्या वाट्या भरत होती. एकदाचा दारात टांगा थांबला. सासूबाई पायसुद्धा न धुता थेट पाळण्यापाशी आल्या. पिशवीतून त्यांनी चांदीचा करगोटा काढला. मुलाच्या कमरेला घालतात तो.

"कुठाय माझा नातू?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे दाराची कडी न्याहाळत होते.

"नातू नाही, नात झालीय," शेवटी मीच म्हटलं. "ह्यांनी सांगितलं ना फोनवर?"

"किरण ठेवतोय म्हणाला. आमच्याकडे मामलेदारांचा मुलगा आहे किरण. मी म्हटलं, नातू आला, देव पावला. तर हा 'हो' म्हणाला की."

'हो' म्हणाले. आपल्या पोटच्या पोरीबद्दल. तेव्हा मला कळलं ते नाव कशासाठी होतं. नवी चाल नाही की काही नाही. मुलगी झालीच तर गावाकडे चारचौघांना लगेच कळू नये, एवढ्यासाठी. आणि मी त्यावर महिनाभर नाक वर करून फिरले होते. विभा हसली असती तर परवडलं असतं. ती समोर बसून माझ्याकडे कीव केल्यासारखी बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासूबाईंनी करगोटा पदरात झाकला. "मला घाबरलास होय रे नंदू? शालन झाली तेव्हा गल्लीभर साखर मीच वाटली होती."

शालन वन्संनी हळूच विचारलं, "वहिनी, मग नाव कोणतं घ्यायचं?"

"तेच. पण आधी ह्यांनी सगळ्यांसमोर सांगायचं काय झालंय ते."

"मुलगी," हे पुटपुटले.

"मागे ऐकू नाही गेलं."

"मुलगी झाली. तिसरी." ह्या खेपेला आवाज चांगला मोठा निघाला. कान लालबुंद झाले होते ह्यांचे. वरच्या माथुरबाई जिन्यातच थांबल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. चांगली जिरवली म्हटलं. वन्संनी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी त्यांच्या पाठीत हसत हसत बुक्के मारले, आणि आता सगळं मार्गी लागलं असं मला वाटलं.

तेवढ्यात प्रतिमा हातातलं काम टाकून ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, मतलब, माझ्या वेळी पण आईने तुम्हाला असं जबरदस्ती सांगायला लावलं होतं?"

हे पुन्हा दाराच्या कडीकडे बघायला लागले. मग तिने माझ्याकडे पाहिलं. ह्यांची जिरवायच्या नादात दोघी पोरी तिथेच आहेत, सगळं ऐकतायत, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आत्ता एवढ्या बायकांत माझा आवाज केवढा चढला होता, आणि माझ्याच लेकीला सांगायला मला एक शब्द सुचेना. मी मान खाली घातली. वासंतीही येऊन तिच्या मागे उभी राहिली. तिलाही ऐकायचं होतं.